अंधारात मोबाईलचा फ्लॅश: झेनॉन, एलईडी की बंदच ठेवू?

माजघर
नमस्कार मंडळी. गणपती तीन आठवड्यांवर आलेत आणि माझा दरवर्षीचा वैताग सुरू होणार, म्हणून आधीच धागा काढतेय.

सासर कुडाळजवळ. घर कौलारू. उजेड म्हणाल तर ओटीवर एक ट्यूब, माजघरात एक पिवळा बल्ब आणि देवापुढे समई. मोबाईलवर काढलेल्या गेल्या वर्षीच्या फोटोंची अवस्था ऐका.

आरतीच्या फोटोत पुढे उभा असलेला भाचा पिठात लोळून आल्यासारखा पांढरा. त्याच्या मागे सासरे आहेत, पण दिसतात फक्त त्यांच्या चष्म्याच्या दोन काचा. फुगडीच्या फोटोत जावेला हातच नाहीत, खांद्यापासून पुढे पिंजलेला कापूस. आणि खुद्द गणपतीचा चेहरा निळसर, मखर नारिंगी, मुकुटावर पांढरा फटक ठिपका.

नवा फोन घ्यायचाच आहे, बजेट २५ हजार. कुणी सांगतं झेनॉन फ्लॅश बघ, कुणी म्हणतं दोन एलईडीवाला घे, दुकानातला पोरगा गोल रिंगचा दाखवत होता. यांत नेमका फरक काय? मोठा कॅमेरा नको. पंगतीत वाढायचं की कॅमेरा सांभाळायचा?

जुनाफोन
झेनॉन! झेनॉन! झेनॉन!

ताई, २००७ सालच्या नोकिया एन८२ वर मी बहिणीच्या हळदीचे फोटो काढले होते. ५ मेगापिक्सेल फक्त. उडालेल्या हळदीचा कण न् कण जागच्या जागी थिजलेला. त्याआधी २००६ मध्ये सोनी एरिक्सनचा के८०० आय होता, त्यातही झेनॉन. पुढे नोकिया एन८, मग २०१२ चा ८०८ प्युअरव्ह्यू आणि २०१३ चा ल्युमिया १०२०, दोन्ही ४१ मेगापिक्सेलचे. १०२० अजून माझ्या कपाटात आहे, सणावाराला बाहेर निघतो. आजच्या लाखाच्या फोनचा फ्लॅश त्याच्यापुढे काजवा.

माजघर
पण हे फोन आता मिळतात कुठे?

जुनाफोन
तीच तर रड आहे.

रेझिस्टर
मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दोन्ही जाती आतून पाहिल्यात. थोडं सविस्तर लिहितो.

झेनॉन म्हणजे काचेची बारीक नळी, आत झेनॉन वायू. शेजारी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. फोनची बॅटरी चार व्होल्टच्या आसपासची, पण सर्किट त्या कपॅसिटरला साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरतं. बटण दाबलं की नळीला काही हजार व्होल्टचा एक टोला बसतो, वायूतून वीज वाहू लागते आणि साठवलेली सगळी ऊर्जा एका दमात उजेड होऊन बाहेर पडते. तो लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. मग पुन्हा भरायला काही सेकंद. रीळवाल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चार्ज होताना 'टीईई' वाजायचा आठवतंय का? तोच प्रकार.

एलईडी म्हणजे निळा दिवा आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून पांढरा उजेड. तो एका दमात फुटत नाही, शटर उघडं असेपर्यंत, म्हणजे फोटो टिपला जात असेपर्यंत, जळत राहतो. म्हणूनच तोच दिवा बॅटरी (टॉर्च) म्हणूनही चालतो, व्हिडिओलाही चालतो. झेनॉन यातलं काहीच करू शकत नाही.

आता ताईंची फुगडी. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने फिरतोय असं धरा. एलईडीच्या उजेडात फोनने शटर १/२० सेकंद ठेवलं, तर तेवढ्यात हात १५ सेंटिमीटर सरकला. हाच तुमचा कापूस. झेनॉनचा झोत १/२००० सेकंदाचा धरला, तर हात सरकला दीड मिलिमीटर.

आणि एक सूचना, जुनाफोन यांच्यासाठी खास. तो १०२० घरी उघडायचा मोह झाला तर आवरा. फोन बंद केला, बॅटरी काढली तरी कपॅसिटरमध्ये दाब राहतो. शिकाऊ असताना असल्याच एका फोनने मला स्टुलावरून उठवलं होतं.

माजघर
फुगडीचं गणित लख्ख कळलं, धन्यवाद. पण इतका चांगला होता तर बंद का पडला?

टाचणी
जाडी. कपॅसिटर फारसा चपटा करता येत नाही आणि लोकांना पापडासारखे फोन हवेत.

रेझिस्टर
टाचणी +१. शिवाय लोक व्हिडिओ काढू लागले, त्यात झेनॉन निरुपयोगी. नोकियाने १०२० मध्ये दोन्ही दिले होते, फोटोला झेनॉन आणि व्हिडिओला वेगळा एलईडी. म्हणजे जागा आणखी गेली.

एक तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, ते शटरचं. मोबाईलचा सेन्सर (लेन्समागची चित्र टिपणारी चिप) चित्र एकदम उचलत नाही, ओळीओळीने वाचतो. झेनॉनचा झोत इतका आखूड की चुकीच्या क्षणी पडला तर काही ओळींना उजेड मिळतो, बाकीच्या कोरड्या. म्हणून ८०८ आणि १०२० मध्ये खरंखुरं हलणारं यांत्रिक शटर होतं. तोही खर्च, तीही जाडी. २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी के झूम हा मोठ्या कंपन्यांच्या शेवटच्या मोजक्या झेनॉन फोनांपैकी.

काडीपेटी
हा धागा २०१० सालचा आहे का? २०१८ च्या नोव्हेंबरात गूगलने पिक्सेल फोनला नाईट साईट (अंधारात फ्लॅशशिवाय फोटो काढायची सोय) दिलं, पुढच्या वर्षी आयफोन ११ ला नाईट मोड आला आणि आता पंधरा हजारांच्या फोनमध्येही तो असतो. फ्लॅश ही वस्तूच बाद झाली. बंद करा, हात स्थिर ठेवा, झालं.

जुनाफोन
नाईट मोडमध्ये फुगडी काढून दाखवा. मग बोलू.

काडीपेटी
फुगडीचा व्हिडिओ काढतात हो, फोटो नाही.

जुनाफोन
म्हणजे नाही निघत. मान्य केलंत, आभार.

पिंपळपान
दोघांनीही पाणी प्या. :)

नाईट मोड एक लांब फोटो काढत नाही, एकामागून एक बरेच काढतो आणि ते एकावर एक जुळवतो. अंधारातल्या फोटोत दाणे दाणे दिसतात ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, सरासरीत विरघळतात. समई, मखर, वरची माटवी (गणपतीवर टांगतात ती चौकट) आणि तिला टांगलेली फळं-कवंडाळं हे जागचं हलत नाही, तिथे हा मोड अप्रतिम. माणूस हलला की फोनपुढे दोनच वाटा: एकतर भूत दिसू द्यायचं, नाहीतर त्या भागापुरत्या न जुळणाऱ्या प्रती टाकून द्यायच्या. टाकल्या की दाणे परत. तेव्हा काडीपेटींचं देवापुरतं बरोबर, जुनाफोनांचं जावेपुरतं.

दुकानात_विचारलं
माझं अडलंय ते दोन एलईडीचं. दोन म्हणजे दुप्पट उजेड ना?

पिंपळपान
दर वेळी नाही. आयफोन ५ एसने २०१३ मध्ये दोन आणले ते रंगासाठी. एक पांढरा, एक पिवळसर. खोलीतला उजेड बघून फोन दोघांचं प्रमाण ठरवतो. पुढे आयफोन १४ प्रोमध्ये नऊ एलईडींचा गठ्ठा आला, तो लेन्स कुठली लावलीय ते पाहून झोत रुंद-अरुंद करतो. स्वस्त फोनांत मात्र गंमत असते. दोन गोल दिसतात, पण काही वेळा दोन्ही एकाच रंगाचे, आणि कधी त्यातला एक नुसता शोभेचा. दुकानात बॅटरी लावून बघा. दोन्ही पेटतात का आणि रंग वेगळे आहेत का, दोन सेकंदात कळतं.

रीळमास्तर
तीस वर्षं लग्नं काढली. रीळापासून सुरुवात. इथे सगळे फ्लॅशची जात विचारतायत, तो कुठे उभा आहे हे कुणी विचारत नाही. माजघर ताई, तुमच्या तीन फोटोंचे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यातला एकच फ्लॅशच्या जातीने बरा होईल.

भाच्याचा आजार अंतराचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. भाचा १ मीटरवर, सासरे ३ मीटरवर. भाच्याला नऊ आणे मिळाले तेव्हा सासऱ्यांना एक. झेनॉन लावा नाहीतर घरात सूर्य आणा, फोनवरून मारलात तर वाटणी हीच राहणार. उपाय एवढाच की सगळ्यांना फोनपासून साधारण सारख्या अंतरावर उभं करा, नाहीतर उजेड बाजूने आणा.

गणपतीचा आजार रंगाचा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका रंग पिवळा. समईची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब २७००, फ्लॅश दिवसाच्या उजेडासारखा, ५००० च्या पुढेमागे. पुढचं फ्लॅशने उजळलं, मागचं बल्बने. फोन बिचारा कुणाचं ऐकणार? तो मधला रंग धरतो, मग पुढचं निळं आणि मागचं नारिंगी. आम्ही फ्लॅशला नारिंगी जिलेटिन लावायचो, नाटकवाले दिव्यांना लावतात तेच. चिमूटभर तुकडा चिकटपट्टीने फ्लॅशवर लावा. फ्लॅश बल्बच्या रंगाचा होतो, भांडण मिटतं. उजेड थोडा कमी होतो, तेवढं सोसा.

मुकुटावरचा ठिपका हा कोनाचा. फ्लॅश लेन्सला चिकटून आहे, त्यामुळे चकचकीत पृष्ठभागावरून झोत सरळ लेन्समध्ये परत येतो. माणसाच्या डोळ्यांत तोच लाल होऊन येतो. बारक्या दिव्याचा ठिपका टोचतो, मोठ्या दिव्याचा पसरतो. गोल रिंगवाल्यांचा फायदा हाच. व्हिवोने व्ही मालिकेत २०२३ पासून जो ऑरा लाईट दिला, तो नेहमीच्या टिकलीपेक्षा बराच मोठा आहे, म्हणून चेहऱ्यावर मऊ पडतो. पण हातभर अंतरावर. दोन मीटरवर गेलात की तो मोठेपणा संपतो, रिंगही टिकलीच होते.

लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही फ्लॅश छताकडे वळवायचो. तुमच्याकडे कौलं, तीही धुराने काळी. तिथे मारलेला उजेड घर गिळून टाकेल. तुमचं छत म्हणजे पांढरं धोतर. आजोबांचं जुनं असेल तर धुऊन दोरीवर बाजूला टांगा, दुसऱ्या फोनची बॅटरी त्यावर मारा. धोतराएवढा मोठा दिवा बाजारात शोधून मिळणार नाही.

माजघर
मास्तर, साष्टांग! धोतर ट्रंकेत आहे. पण एका फोनची बॅटरी पुरेल?

रीळमास्तर
धोतरावरून परत येईपर्यंत उजेड बराच सांडतो. दोन फोन धरा. नाहीतर हातात मावणारा चार्जिंगचा व्हिडिओ लाईट मिळतो, तो घ्या. २५ हजारातले २४ फोनला आणि १ उजेडाला. सगळे पैसे फोनमध्ये घालून अंधारात उभे राहू नका.

दशावतारी
मास्तरांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. एक विनंती मात्र. तिकडे जाताच आहात तर कधी रात्रीचा दशावतार बघाल. तिथे फ्लॅश मारू नका. शंखासुर पायाखाली बघत नाचत नाही, समोर बघत नाचतो. त्याच्या डोळ्यांवर झोत पडला की पुढची दोन पावलं तो आंधळा असतो. शिवाय रंगमंचावर दिवे असतातच, आठव्या रांगेतून मोबाईलचा फ्लॅश फक्त पुढच्या माणसाची टाळू उजळतो.

टाचणी
त्या टाळूंचे उत्तम फोटो माझ्याकडे आहेत.

पिंपळपान
दशावतारींशी सहमत. अजिंठ्यात चित्रांसाठी फ्लॅशला बंदी आहे, वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हाही मारू देत नाहीत. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणारे तर कमाल करतात. काजव्याचा उजेड टिपायला फ्लॅश! काजवाही विझतो, शेजारच्याने तिपाईवर शटर बराच वेळ उघडं ठेवून लावलेला फोटोही मरतो.

भंडारा_उधळ
आमच्या जेजुरीची अडचण सांगतो. भंडारा उधळला की हवेत हळदच हळद. फ्लॅश मारला की फोटोभर पांढरे गोल बुडबुडे. एकदा एका पाहुण्याने त्यात देवाचं दर्शन झालं म्हणून फोटो गावभर फिरवला होता.

रेझिस्टर
लेन्सच्या अगदी जवळचा कण आणि लेन्सच्या अगदी जवळचा फ्लॅश. कण उजळतो भरपूर, पण फोकसमध्ये नसतो, म्हणून गोल. पावसात, धुक्यातही हेच होतं. उजेड बाजूने आला की बुडबुडे गायब आणि भंडारा सोन्यासारखा दिसतो. जेजुरीत उन्हाचा सोडून दुसरा उजेड वापरूच नये असं माझं मत.

आणि दुकानदार म्हणून: "फ्लॅश मारला की फोटो धुरकट येतो" म्हणून लोक फोन घेऊन येतात. दहातल्या पाचांत कव्हरचा दोष. जाड किंवा पारदर्शक कव्हरच्या कडेतून फ्लॅशचा उजेड लेन्समध्ये गळतो. कव्हर काढून एक फोटो काढा आणि मग माझ्याकडे या. उरलेल्यांत बोटाचं तेल. गणपतीत तर मोदकाचं तूप.

काडीपेटी
तुपाच्या मुद्द्यावर मी शरण.

माजघर
ठाण्यात घरीच प्रयोग केला. लेकाला गॅलरीत लोखंडी कढई गरागरा फिरवायला लावली. (शेजारीण बघत होती.) निरीक्षणं लिहिते.

फोनवरचा फ्लॅश: कढई पुसट, लेक पांढरा. नाईट मोड: लेकाचा चेहरा छान, कढई गायब, नुसतं धुकं. मग प्रो मोडमध्ये शटर हाताने १/२५० केलं, नवऱ्याने व्हिडिओ लाईट बाजूने एका मीटरवर धरला. कढई दिसली! थोडे दाणे आहेत, पण कढईच आहे.

एक कळलं नाही. त्याच शटरला मागच्या दिव्यांच्या माळेचे फोटोत पट्टे पट्टे का आले?

रेझिस्टर
आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त माळा सेकंदाला १०० वेळा, काही तर ५० वेळा, उघडझाप करतात. डोळ्याला दिसत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला दिसते. माळ चौकटीत असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. फुगडीच्या वेळी माळ बंद करा.

माजघर
माळ बंद करा हे सासूबाईंना तुम्ही सांगाल का?

रीळमास्तर
मग माळेकडे पाठ करून फुगडी घालायला सांगा. तीस वर्षं हेच केलं, सासूला नाही, मांडवाला फिरवलं.

जुनाफोन
इतका सगळा खटाटोप १०२० मध्ये एका बटणात व्हायचा, एवढंच नोंदवतो आणि गप्प बसतो.

पिंपळपान
गप्प बसण्याआधी खरं सांगा, १०२० वर भाच्यामागचे सासरे दिसायचे का?

जुनाफोन
... नाही. पण भाचा फार सुरेख दिसायचा.

माजघर
गौरी-विसर्जन करून परवा परत आले, म्हणून धागा वर काढतेय.

फोन रिंगवाला घेतला नाही. साधा दोन एलईडीचा, त्यातल्या त्यात मोठा सेन्सर आणि प्रो मोड असलेला घेतला. दुकानात बॅटरी लावून दोन्ही दिवे पेटतात ते आधी तपासलं, पोरगा चक्रावला.

आरती: धोतर ओटीच्या खांबाला बांधलं, पुतण्याने व्हिडिओ लाईट त्यावर मारला. सासऱ्यांना चष्म्यासकट चेहरा आहे. गणपती: फ्लॅश बंद, नाईट मोड, फोन तांदळाच्या डब्यावर टेकवून. समईचा रंग जसाच्या तसा. काडीपेटी, हा तुमचा. नारिंगी जिलेटिन लावूनही एक काढला, मुकुटाचा ठिपका गेला नाही पण निळेपणा गेला. फुगडीचे चाळीस काढले, त्यातले तीन बरे आले. एकात दोन्ही जावांचे चारही हात आहेत, वेणी मात्र अजून कापूस.

एक प्रसंग फसला. पहिल्या दिवशी पुतण्याने लाईट धोतराऐवजी थेट आजेसासूबाईंवर मारला. त्या ब्याण्णव वर्षांच्या. डोळे मिटून म्हणाल्या, "माझ्या तोंडार बॅटरी कित्या मारतंस? देवाच्या तोंडार मार, तो काय डोळे मिटूचो नाय."

रीळमास्तर
फोटो कुठे आहे?

माजघर
डोळे मिटलेलाच आलाय. त्यांना तोच आवडला, फ्रेम करायला टाकलाय.